वेगळी डिस्क

"बाई, एकाच डिस्कचे दोन भाग करून देतो की. एका भागात तुमचं जुनं राहील, दुसऱ्यात लिनक्स टाकून बघा. वेगळी डिस्क कशाला पाहिजे?"

"वेगळीच पाहिजे," मी म्हणाले.

"पण का?"

"कारण त्या जुन्या डिस्कला मी कुणाला हात लावू देणार नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

नंदकुमार भोई हसला. राजारामपुरीतल्या एका बोळात त्याचं जुन्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. मी सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजहून आले होते आणि चारच्या बॅचला परत पोचायचं होतं, त्यामुळे घासाघीस करायच्या मूडमध्ये नव्हते. हे दोन हजार अकरा सालचं. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि माझा हट्टीपणा ऐन भरात होता.

माझ्या वडिलांचा, अप्पांचा, टायपिंगचा क्लास होता. अप्पांची नजर काचबिंदूनं गेली तेव्हा तो माझ्याकडे आला. टाइपरायटरच्या फिती मिळेनाशा झाल्या, टाइप झिजले, दुरुस्त करणारा शेवटचा माणूस बेळगावात वारला. कॉम्प्युटर आणल्याशिवाय क्लास टिकणार नव्हता. गावातल्या कॉलेजनं नऊ जुने कॉम्प्युटर मोडीत काढले होते, ते प्राचार्यांनी मला द्यायचं कबूल केलं. अट एकच, त्यावर चोरीचं काही चालवायचं नाही. त्या म्हाताऱ्या मशीनवर नवं विकतचं काही पळालंही नसतं. लिनक्सवर अख्खा कॉम्प्युटर चालतो, ते फुकट असतं, हलकं असतं आणि त्याचे पन्नास प्रकार असतात, एवढं मी वाचलं होतं. त्या पन्नासांतलं कोणतं आपल्या कामाचं, ते टाकून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून आधी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर करून बघायचं ठरवलं.

पण माझ्या घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर अप्पांचे उतारे होते.

टायपिंगच्या सरावाला उतारे लागतात. बाकीचे क्लासवाले ते छापील पुस्तकांतून घेतात. अप्पांनी मात्र स्वतः लिहिले, चाळीस वर्षांत तीनशे बारा. सगळे टाईप करून एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले होते. ट्रंकेला वाळवी लागली तेव्हा मी दोन वर्षं बसून ते कॉम्प्युटरमध्ये घातले आणि अप्पांच्या मागे लागले, की आता हे कागद टाका, घरभर वाळवी पसरेल. त्यांना टाकायचे नव्हते. मी टाकायला लावले. तेव्हा ते उतारे जगात एकाच जागी होते आणि ती जागा म्हणजे ती डिस्क.

"नवीन डिस्क आली की पहिलं काम उतारे तिच्यावर कॉपी करायचं," मी भोईला सांगितलं. "आणि मग लिनक्सचे प्रयोग."

"उलटं करा बाई. आधी लिनक्स, मग कॉपी. लिनक्स टाकताना नवी डिस्क पुसली जाते. आणि लिनक्स टाकताना जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. समजलं? वायर काढायचीच."

"समजलं."

"बरं. मग आता सांगा, केवढी पाहिजे?"

त्यानं समोर एक करकरीत नवी डिस्क ठेवली. एवढीशी, हलकी, पण तिची वायर बारीक, माझ्या मशीनला बसणारी नव्हती. मग पेन ड्राइव्ह दाखवला. "यावरूनही चालतं लिनक्स. पण बैलगाडीत बसल्यासारखं. तुम्हाला नऊ मशीनसाठी निवड करायचीय, खऱ्या डिस्कवरच बघा." शेवटी त्यानं टेबलाखालून प्लॅस्टिकचा क्रेट ओढला. त्यात रुंद पट्टीच्या वायरीच्या जुन्या डिस्का होत्या. दोन त्यानं वर काढल्या आणि एकेक करून आपल्या मशीनला लावल्या.

"ही ऐंशी जीबीची. एका शाळेतली. फार चालली नाही, पण आत सात ठिकाणी खराब झालीय. आणि ही चाळीसची. दूध संघाच्या ऑफिसातली. हिचे तास बघा."

पडद्यावर आकडा होता, एकतीस हजार काहीतरी.

"म्हणजे?"

"म्हणजे साडेतीन वर्षं ही बाई एक मिनिट झोपलेली नाही. पण खराब जागा एकही नाही."

मी वाकून दोन्हींना कान लावला. टाइपरायटर आतून कुठे बिघडलाय ते अप्पांनी मला आवाजावरून ओळखायला शिकवलं होतं. शाळेतली डिस्क मधेच टक्‌ करून दम घेत होती. दूध संघातली एकसारखी फिरत होती. आवाज मोठा होता, पण एका चालीचा.

"चाळीसची द्या."

"दमलेली आहे हां, बाई. गॅरंटी नाही."

"कामाची सवय आहे तिला. न चाललेल्यापेक्षा चाललेलं बरं."

भोईनं डिस्क जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली. सोबत चार सीड्या दिल्या, लिनक्सच्या चार प्रकारांच्या. त्यांची इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून त्यानं स्केचपेननं रंग दिले, निळं, नारिंगी, लाल, हिरवं. आणि एका कागदावर आज्ञा टाईप करून दिल्या. पहिली आज्ञा डिस्क कोरी करायची, कारण तिच्यात दूध संघाचं काय काय असणार. दुसरीपासून पुढे लिनक्स बसवायच्या.

"कागदावर आहे तस्संच टाईप करा," तो म्हणाला. "एका अक्षराची चूक नको."

"भोई," मी म्हणाले, "तीस वर्षं मी तेवढंच करतेय."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारची जेवणं झाल्यावर मी मशीन उघडलं. आत पट्टीची वायर होती, तिला दोन तोंडं होती. एक जुन्या डिस्कमध्ये खोचलेलं, एक रिकामं. भोईनं सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण मला वाटलं, रिकामं तोंड आहेच तर जुनी काढायची कशाला? पुन्हा कॉपीसाठी जोडावीच लागणार. एक खोलायचं आणि एक बसवायचं काम वाचलं. मी दूध संघातली डिस्क रिकाम्या तोंडात खोचली, निळी सीडी घालून मशीन सुरू केलं आणि कागद पुस्तक ठेवायच्या स्टँडवर लावला.

अप्पांचा एक नियम होता. क्लासात आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी तो सांगत. "टायपिस्टनं अर्थात शिरू नये. अर्थात शिरला की चुकला. नजर कागदावर, हात कळांवर, डोकं घरी." मी त्यांची सगळ्यांत आज्ञाधारक विद्यार्थिनी. मी आज्ञा टाईप केली. कागदावर डिस्कच्या नावाच्या शेवटी a होता, मी a टाईप केला. एकही चूक नव्हती. मशीन कामाला लागलं, अर्धा-पाऊण तास लागेल असं भोई म्हणाला होता, म्हणून मी बॅच घ्यायला पुढच्या खोलीत गेले.

परत आले तेव्हा काम झालं होतं. मी दुसऱ्या आज्ञेकडे वळणार, तेवढ्यात कागदाच्या तळाशी पेननं लिहिलेली ओळ दिसली. 'एकच डिस्क जोडलेली असेल तर a. दोन असतील तर पहिली a, दुसरी b. नीट बघून घ्या.'

पहिली म्हणजे जुनी, अप्पांच्या उताऱ्यांची. मी पुन्हा ओळ वाचली. मग मशीन बंद केलं, सीडी काढली आणि जुन्या डिस्कवरून सुरू करून पाहिलं. काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत राहिली.

"पमे," बाहेरच्या खोलीतून अप्पांची हाक आली, "झालं काय गं तुझं लिनक्स?"

"व्हायलंय अप्पा."

माझा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मला आजही नवल वाटतं.

शनिवारी पुन्हा पहिली एसटी. जुनी डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. भोईनं ती लावली, बराच वेळ काहीबाही चालवलं, मग खुर्ची मागे सरकवली.

"शून्यं आहेत बाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. नुसतं खोडलेलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही त्याच्यावर शून्यं लिहिलीत."

"काहीच नाही निघणार?"

"मुंबईला नेलीत तरी नाही." त्यानं डिस्क सोडवून टॉवेलावर ठेवली. "वायर काढा म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंत."

"आणि खाली लिहिलंही होतं."

"मी खालचं वाचलंच नाही. वरचं टाईप केलं."

परतीच्या गाडीत मी ठरवलं, निदान आपल्याला आठवतात ते तरी लिहून काढू. आपणच तर तीनशे बारा उतारे टाईप केले, वर वीस वर्षं ते शिकवले. वही काढली. निपाणी गेली, संकेश्वर आलं, वही कोरीच. साठ नंबरच्या उताऱ्यात आकडे फार होते, एवढं आठवत होतं. एकशे दहामध्ये ळ पुष्कळ, तो मी मुलांना करंगळीच्या सरावाला द्यायचे. दोनशे पाचमध्ये जोडाक्षरांचा नुसता सडा. पण त्यांत होतं काय? कोण माणसं होती, कुठलं गाव, काय झालं? एकाही उताऱ्याचं एक वाक्य मला येत नव्हतं. माझ्या बापाचं चाळीस वर्षांचं लिहिणं माझ्या डोळ्यांतून शिरून बोटांतून बाहेर पडलं होतं आणि वाटेत कुठेही थांबलं नव्हतं. मला माझी विलक्षण लाज वाटली.

रडले नाही. रडून उतारे येणार नव्हते, आणि कॉलेजचे नऊ कॉम्प्युटर महिनाअखेरीला येणार होते. रविवारी मी दूध संघातल्या डिस्कवर निळं लिनक्स बसवलं, या वेळी प्रत्येक ओळ तीनदा वाचून. अप्पांना काहीच सांगितलं नाही. उतारे परत कसे आणायचे ते माहीत नव्हतं, पण आणल्याशिवाय त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही, हे मात्र पक्कं होतं.

मराठी नीट उठतं का ते बघायला मी सोमवारी शबानाला बोलावलं. शबाना मुल्ला माझी चौऱ्याण्णव सालची विद्यार्थिनी, तहसील कचेरीत टायपिस्ट. तिच्याइतका टाइपरायटरवर बसलेला हात तालुक्यात दुसरा नव्हता. कचेरी सुटल्यावर ती आली, पर्स मांडीवरच ठेवून बसली.

"काय टाईप करू बाई?"

"काहीही कर. कळा जागेवर आहेत का एवढंच बघायचंय."

तिनं हात ठेवले आणि माझ्याकडे बघत, घरच्या गोष्टी बोलत, टाईप करायला लागली. पडद्यावर अक्षरं उमटली. 'िहरण्यकेशीला पूर आला की पिहली...' आणि पुढे सगळा चुथडा.

"असं काय करायलंय हे?" शबाना थांबली. "माझी वेलांटी भलतीकडंच जातीय."

पण मी वेलांटीकडे बघतच नव्हते. "शबाना, हे काय टाईप केलंस?"

"आठ नंबर. हिरण्यकेशीचा पूर. विसरलाय व्हय? परीक्षेआधी पन्नास वेळा करून घेतला होता तुम्ही."

"पुढं काय आहे त्यात?"

"पुढं..." तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "तोंडानं नाही येत ओ बाई. बोटांनी येतंय."

मी तिचा हात धरला. तिला सगळं सांगून टाकलं, दार लोटून, हळू आवाजात. तिनं मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "आधी हे वेलांटीचं नीट करा. बाकीचं मग बघू."

टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. यंत्राची ती रीतच आहे आणि आमची बोटं त्या रीतीनं घडलेली. निळ्या लिनक्समध्ये वेलांटी अक्षरानंतर मारावी लागे, त्यामुळे ती अलीकडच्या अक्षराला जाऊन चिकटे. शबानानं उलट मारून बघितलं तर दोन शब्दांत सगळं विसरली. मधेच रीत बदलली की बोटांना पुढचं आठवतच नव्हतं. म्हणजे आता मला नुसतं चांगलं लिनक्स नको होतं. टाइपरायटरवर घडलेली बोटं जिथे अडखळणार नाहीत असंच हवं होतं. उतारे त्या बोटांत होते आणि दुसऱ्या कुठल्या वाटेनं बाहेर येणार नव्हते.

मंगळवारी नारिंगी टाकलं. त्यात टाइपरायटरचा कळपट, म्हणजे कळांची मांडणी, सापडेचना. बुधवारी लाल. त्यात वेलांटी बरोबर, पण ऱ्य आणि ऱ्ह फुटत होते. शबाना रोज कचेरी सुटली की येई, आठ नंबर सुरू करी आणि अडखळली की मान हलवी. मी भोईला रोज फोन करून त्याचं डोकं खात होते. ती दमलेली डिस्क मी आठवड्यात चार वेळा पुसून पुन्हा भरली, तिनं एकदाही कुरकुर केली नाही. गुरुवारी हिरवं बसवलं, भोईनं फोनवर सांगितलेला एक जादा कळपट त्यात घातला आणि खुर्ची शबानाला दिली.

'हिरण्यकेशीला पूर आला की पहिली बातमी पोस्टमनला कळते, कारण त्याला पलीकडे जायचे असते...'

ती थांबलीच नाही. उतारा संपला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

"अजून कुठले येतात?" मी विचारलं.

"बघू की. बोटं सांगतील."

तिच्या बोटांत एकोणतीस निघाले. मग मी जुनी हजेरीपुस्तकं काढली आणि फोन करत सुटले. लोक आले. कुणी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, कुणी वकिलाच्या हाताखालून. नेसरीचे निवृत्त हेडक्लार्क पाटील मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले आणि एका दुपारी तेवीस उतारे देऊन गेले, मधे चहासुद्धा घेतला नाही. बोटांचं एक होतं, त्यांना मधून सुरुवात करता येत नसे. अडलं की परत पहिल्या शब्दापासून धाव घ्यायची, त्या जोरात अडलेली जागा पार व्हायची. एकाला अर्धा आठवे, दुसऱ्याला उरलेला. मी शेजारी बसून वाचत होते. आयुष्यात पहिल्यांदा अर्थात शिरून वाचत होते. कुणाला काय अडलंय ते कळायला दुसरा इलाजच नव्हता.

आणि ते चांगले होते. मिरच्यांच्या बाजारात शिंकणाऱ्या दलालाचा, स्वतःच्याच लग्नाची पत्रिका टाईप करून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याचा. मी कितीदा तरी मोठ्यानं हसले. हे असं माझ्या घरात ट्रंकभर पडून होतं आणि मी त्यातले ळ मोजत होते.

तीन आठवड्यांत दोनशे तीस मिळाले. मग कुणाकडूनच नवीन निघेना. शेवटच्या रविवारी दुपारी शबाना पुन्हा आली.

"एक राहिलाय बाई. मुद्दाम मागं ठेवला होता. एकशे सत्तेचाळीस."

"मुद्दाम का?"

ती टाईप करायला लागली आणि मी नेहमीसारखी शेजारी बसून वाचायला लागले.

'एका टायपिंग क्लासात एक मुलगी होती. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. दुपारी ती टेबलाखाली सतरंजीवर झोपत असे. वर यंत्रे चालू असली की तिला गाढ झोप लागे. रविवारी क्लास बंद असे, यंत्रे गप्प असत आणि मुलगी आईला हाका मारत रडे. तेव्हा तिचा बाप एकटाच यंत्रावर बसून वाटेल ती अक्षरे मारी. आवाज सुरू झाला की मुलगी झोपे. असे पुष्कळ रविवार गेले. मग त्याला वाटले, कागद वाया का घालवावा? म्हणून तो आवाजाबरोबर काही मजकूरही लिहू लागला. त्या मजकुराचे पुढे उतारे झाले.'

शबानानं हात उचलले.

"आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तुमच्यावरच आहे ते," ती म्हणाली. "पण तुम्ही शिकवताना कधी काही बोलला नाही. आम्हाला वाटायचं, बाईंना त्रास होत असंल, म्हणून विषय काढत नाहीत."

वीस वर्षं प्रत्येक बॅचला मी तो उतारा दिला होता. त्यातली 'सतरंजी' नीट टाईप करा, र आणि त उलटे पडतात, असं बजावलं होतं. मला रडू फुटलं. शबानानं मला रडू दिलं, मग चूळ भरायला पाणी आणून दिलं आणि गेली.

मी तोंड धुऊन बाहेरच्या खोलीत गेले. अप्पा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते.

"अप्पा, एक सांगायचंय."

"उतारे गेले," अप्पा म्हणाले.

मी उभीच राहिले.

"समोर कागद असला की हात सरळ चालतो पमे. आठवून मारणारा पळतो, थांबतो, परत पहिल्यापासून पळतो. तीन आठवडे मी दुसरं काय ऐकायलोय? आमचा पाटील तर पाच ठिकाणी अडला त्या दिवशी."

"मग विचारलं का नाही?"

"तू आणायलीस ना परत? मग मधे कशाला बोलू?" त्यांनी पाय खाली सोडले. "किती मिळाले?"

"दोनशे एकतीस. एक्याऐंशी कुणालाच येत नाहीत."

"कुणाच्याच बोटांत राहिले नाहीत?"

"नाही."

"मग ते वाईट होते. जाऊ देत."

"जाऊ देत कसं?" माझा आवाज चढला. "मी पुसलेत ते, अप्पा. माझ्या हातानं. कागद होते ते पण मीच टाकायला लावले."

"व्हय. दोन्ही तूच केलंस," अप्पा म्हणाले. खोटी समजूत घालायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या दिवशी मला त्याचाच आधार वाटला.

मी त्यांच्या शेजारी बसले. "एकशे सत्तेचाळीस मिळाला."

अप्पांनी हातानं चाचपत चादर सारखी केली.

"कॉम्प्युटरात घालताना तुझ्या ध्यानात आलं नाही?"

"नाही. त्याआधी शिकवताना पण नाही."

"चुका किती होत्या?"

"एकही नव्हती."

"मग टाईप बरोबर केलंस की." ते हसले, पण नीट हसू आलं नाही त्यांना. "तो नियम मी परीक्षेपुरता केला होता गं. तू जन्माचाच करून बसलीस."

बाहेर उन्हं उतरली होती. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. "चल. मला त्या मशीनजवळ बसव. एक्याऐंशी नाही जमायचे या वयात, एक तर घे. तुझ्या त्या नव्या डिस्कवर घाल."

मी त्यांना खुर्ची दिली, स्वतः कळफलकासमोर बसले आणि बोटं जागेवर ठेवली. अप्पांनी घसा साफ केला आणि सांगायला लागले, क्लासात सांगत तसे, शब्द सुटा सुटा करून.

"'संकेश्वरच्या गाडीतून एक मुलगी उतरली. पूर्णविराम. तिच्या हातात मराठीतली एक तक्रार होती, स्वल्पविराम, ती तिला टाईप करून हवी होती. पूर्णविराम. तक्रार तिच्या वडिलांविरुद्ध होती. पूर्णविराम. टायपिस्टने ती वाचू नये असा नियम होता. पूर्णविराम. पण त्याने वाचली. पूर्णविराम. आणि तो म्हणाला, स्वल्पविराम...'"

ते श्वास घ्यायला थांबले. माझी बोटं कधी थांबली मला कळलं नाही. माझी आई संकेश्वरची होती. ती अप्पांना कशी भेटली, हे मी सेहेचाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"थांबलीस का गं? आवाज येईना."

"काय म्हणाला तो?"

"सांगतो की. तू टाईप कर."

"आधी सांगा," मी म्हणाले आणि खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसले. "काय म्हणालात तुम्ही तिला?"

अप्पांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग ते सांगायला लागले, पूर्णविराम आणि स्वल्पविराम न सांगता, भरभर, मधेच हसत, मधेच नाक ओढत. मी हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. तो उतारा अजूनही तिथेच अर्धा आहे.